शिरोलीची तुंबलेली न्हाणी

"आत काय काय ओतलंत?"

तुंबलेल्या मोरीपाशी गेले की मी आधी हे विचारते. हातमोजे नंतर, पंप नंतर, चहा तर फारच नंतर. घरची बाई म्हणते, "काय न्हाय हो आक्का, नुसतं गरम पाणी." मी पाटावर बसूनच राहते. जरा वेळानं ती म्हणते, "आणि चिमूटभर सोडा." मी आणखी बसते. "आणि ते मोबाईलमधी दावत्यात की, लिंबू आणि व्हिनेगर." तेवढ्यात आतून तिची जाऊ ओरडते की सकाळी तिनंपण कसलीशी पुडी टाकलीय. हे सगळं बाहेर आल्याशिवाय मी पदर खोचत नाही. पाईपातला गाळ काढायला दहा मिनिटं लागतात, माणसाच्या तोंडातलं काढायला अर्धा तास.

हे विचारायचं असतं, हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही. शिरोलीतल्या एका न्हाणीत शिकले, आणि चटका बसला तो मला कमी, दुसरीला जास्त. ते सांगायलाच बसलेय. पण आधी धंदा काय ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, सणासुदीच्या अंकात ही म्हातारी आपल्याला कुठल्या घाणीत नेतेय.

आमचे मालक प्लंबर. मंगळवार पेठेत एका शटरचं दुकान. शिडीवरनं पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते खाटेवर आले. दुकानात बसायला मी. गिऱ्हाईक यायचं त्यात निम्म्याहून जास्त बायका, आणि तक्रार एकच: न्हाणीतलं पाणी जाईना. मी म्हणायचे, मालक बरे झाले की येतील. त्या म्हणायच्या, "तवर काय पवायचं व्हय त्यात? तुमीच चला की." घरात पुरुष नसताना परका गडी न्हाणीत कसा घ्यायचा, ही त्यांची खरी अडचण. मग मीच जायला लागले. मालक खाटेवरनं सांगायचे, मी जाऊन करायचे. सहा महिन्यांत माझा असा समज झाला की आता मालकांनीच मला विचारून घ्यावं.

काम तसं अवघड नाही. तुम्हीही करू शकता, करावंच. न्हाणीची जाळी उचलली की खाली खोलगट भाग असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात मुद्दाम पाणी साठून राहतं, म्हणजे गटाराचा वास घरात येत नाही. केस, साबणाचे तुकडे, कुणाचं हरवलेलं जोडवं, सगळं तिथंच अडकतं. हात घालायचा आणि काढायचं. बेसिनखाली पाईपाला असतो तो गोल पेला हातानं फिरवला की सुटतो; खाली बादली ठेवून फिरवायचा. रबरी पंप मारायचा तर बेसिनच्या वरच्या अंगाला बारकं भोक असतं ते ओल्या फडक्यानं बुजवायचं, नाहीतर सगळा जोर तिथनं निघून जातो. आणि पंप दाबताना जेवढं काम करतो, तेवढंच ओढताना करतो, हे लोक विसरतात.

आमच्या कोल्हापुरात जादाची भानगड म्हणजे मटणाची चरबी. एका घरी रविवारच्या पांढऱ्या रश्श्यानंतर मोरी तुंबली. मी दोन हंडे उकळतं पाणी ओतलं. पाणी असं सरसर गेलं की त्या बाईनं माझी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरची मोरी तुंबली. चरबी वितळून पुढं गेली होती आणि थंड होऊन शेजाऱ्यांच्या वळणावर बसली होती. तीही मीच काढली. दोन्ही घरी माझं कौतुक झालं, दोन्ही घरी चहा झाला, आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

त्या वेळची ही मालन, म्हणजे मी, काय चीज होती, विचारू नका. लुनाला पुढं पिशवी. पिशवीत पंप, स्प्रिंगची तार, बामची डबी आणि सायकलवर ॲसिड-फिनेल विकत फिरणाऱ्याकडून घेतलेली बाटली. बाटलीला लेबल नाही. न्हाणीत शिरायच्या आधी ही बाई नाकाखाली बोटभर बाम चोळायची, म्हणजे घाण वास येत नाही. मग कमरेवर हात ठेवून पाण्याकडं बघायची आणि काय अडकलंय ते जाहीर करायची. कुणाला काही विचारणं तिला कमीपणाचं वाटायचं. डॉक्टर काय रोग्याला विचारत बसतो का, असं ती म्हणायची. डॉक्टर विचारतो. पण हे तिला सांगायचं कुणी?

शिरोलीचा निरोप आला तो सकाळी अकराच्या सुमाराला. एमआयडीसीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत घर. घरची मालकीण अंजनाकाकी. तिचा मुलगा फौंड्रीत कामाला, त्या दिवशी पहिल्या पाळीला गेलेला. सून संगीता सातव्या महिन्यात, आणि दुपारी चारला तिचं डोहाळजेवण. झोपाळ्याला फुलं बांधून झाली होती. पाच भाज्यांची तयारी मागच्या परड्यात चालली होती. आणि सोप्याला, म्हणजे बाहेरच्या बैठकीला, लागून असलेल्या न्हाणीत घोटाभर पाणी. सोप्यात संगीताचे वडील आणि दोन पाहुणे आधीच येऊन बसले होते. कबनूरचे, यंत्रमागवाले. त्यांच्या समोरच न्हाणीचं दार.

अंजनाकाकी माझा हात धरून आत घेऊन गेली. "बायका यायच्या आधी झालं पायजे, आक्का. हात धुवायला पावणं उठलं आणि ह्ये बघितलं तर माझी काय ऱ्हाईल?"

"पंधरा मिनिटं," मी म्हटलं. नाकाला बाम लावून झाला होता.

पाण्यावर पांढुरका तवंग होता. मी कमरेवर हात ठेवले. "साबण," मी जाहीर केलं. "वळणावर साबण बसलाय. बाटलीभर ॲसिडचं काम."

दारात संगीता उभी होती. हिरवी साडी, हातभर बांगड्या. ती हळूच म्हणाली, "आक्का, सकाळी लई वास मारत हुता, म्हणून मी त्यात..."

"साबणच हाय, बाई. तू बॅटरी आण. लाईट गेलीय, दिसंना."

ती गप्प झाली. पाठीशी सासू, पुढ्यात बाप आणि पाहुणे. एकदा तोंड उघडलं ते मी झाकलं, दुसऱ्यांदा कुठली उघडणार? बॅटरी घेऊन आली आणि म्हणाली, "मी धरतो की." आमच्याकडं बायकासुद्धा 'धरतो, जातो' असंच बोलतात.

मी साडी गुडघ्याच्या वर खोचली. तशी अंजनाकाकी बाहेरनं म्हणाली, "दार लावून घ्या आक्का, पावणं समोरच बसल्यात." बरोबरच होतं. पुरुषांपुढं उघड्या पोटऱ्यांनी कोण बसणार? दार लावलं, वरची कडी घातली. भिंतीत एक झरोका होता, पण पारवे येतात म्हणून त्यालाही पत्रा ठोकलेला. आत मी, संगीता आणि बॅटरीचा गोल उजेड.

बाटलीचं बूच घट्ट बसलं होतं. ते मी दातानं काढलं. हो, दातानं. आणि अर्धी बाटली पाण्यात ओतली.

पाणी फसफसलं. मला वाटलं, गुण आला. "बघ कसं खातंय," असंही म्हणाले मी. बॅटरीच्या उजेडात पाण्यावरनं पिवळट-हिरवा धूर उठताना दिसला. वास मला आलाच नाही, बामानं नाक बंद केलं होतं. घशाला मात्र आतनं कुणी मूठ आवळल्यासारखं झालं आणि डोळे आपोआप मिटले. बॅटरी खाली पडली. संगीता खोकायला लागली. पहिल्यांदा साधं खोकली, मग नुसताच आवाज यायला लागला, हवा आत ओढायची आणि ती येत नाही असा. तिच्या बांगड्या भिंतीवर आपटत होत्या.

कडी माझ्यापासून दीड हातावर होती. आता ऐका, मी काय केलं.

मी आधी साडी सोडली. डावीकडचा खोच लगेच निघाला. उजवीकडचा ओला होऊन परकराच्या नाडीत अडकला होता. तो मी ओढत बसले. दाराबाहेर तीन परके पुरुष आहेत, एवढंच माझ्या डोक्यात. शेजारी सात महिन्यांची पोटुशी पोर भिंत बडवतेय आणि ही बया निऱ्या खाली करतेय! किती वेळ गेला? चार श्वास, फार तर पाच. माझे नव्हेत, मी श्वास रोखून धरला होता. तिचे.

मग कडी काढली.

संगीता दारातनं बाहेर पडली ती सरळ खालीच. तिचे वडील "संगे! ए संगे!" करत धावले. दोघा-तिघांनी उचलून तिला अंगणात, उघड्यावर नेलं. कुणीतरी आमच्या दोघींच्या डोळ्यांवर घागरीनं पाणी मारलं. अंजनाकाकी दारात उभी राहून नुसती "पोट धरा, पोट धरा तिचं" म्हणत होती. पाहुण्यांच्याच जीपमधून आम्ही दवाखान्यात गेलो. संगीताचे ओठ निळे पडले होते. जीपमध्ये तिचा एक हात पोटावर होता आणि दुसऱ्यानं तिनं माझंच मनगट धरलं होतं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? तोच. नळीतनं प्राणवायू घेता घेता संगीता म्हणाली, "ब्लीचिंग पावडर. दोन वाट्या." वास मरावा म्हणून सकाळी तिनं साठलेल्या पाण्यात टाकली होती. तो माझा साबणाचा तवंग. मग डॉक्टर माझ्याकडं वळले. मी आवाज खाली आणून सांगितलं, ॲसिड. ते म्हणाले, "दार बंद करून?" मी मान हलवली. ते परत संगीताची छाती तपासायला वळले. मला ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन तास काही कळेना. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला नर्स तिसऱ्यांदा आत गेली, तेव्हा बाहेरच्या बाकावर कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मग ती बाहेर आली आणि म्हणाली, ठोके चांगले आहेत. छातीसाठी ठेवून घेतील, दोन-चार दिवसांनी सोडतील.

जीव भांड्यात पडला, आणि लगेच अंजनाकाकीचं तोंड सुटलं.

"पावडर टाकायला हिला कुणी सांगितलं हुतं? इचारलं का मला? ॲसिड तर आमी जल्मभर टाकतोय, कुणाला काय झालं? पोटातल्या पोराचा इचार न्हाय हिला!" मग संगीताच्या वडिलांकडं वळून, "घेऊन जावा कबनूरला. पयलं बाळंतपण तिकडंच असतंय. पण सांगून ठेवतो पावणं, आमी बोलावल्याबिगर आणू नका."

त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "चुकलं तिचं, विहीणबाई," ते म्हणाले.

मी त्याच बाकावर बसले होते. एक वाक्य पुरे होतं: पोरगी सांगत होती, मीच बोलू दिलं नाही. पण दुकान माझ्या नावावर चालत होतं आणि मालक खाटेवर होते. मालननं गरोदर बाईला गुदमरवलं, असं पेठेत पसरलं तर कोण बोलावणार? मी रुमालानं डोळे पुसत राहिले. डोळे चुरचुरत होतेच. सगळ्यांना वाटलं, बिचारीलाही फार त्रास झालाय. एका बाईनं तर मला लिंबूसरबत आणून दिलं. ते मी प्यालेही.

आठ दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. नवव्या दिवशी मालकांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. साडीचं सोडून. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "बाम लावला हुतास?"

"व्हय."

"मग नाक कशाला बरोबर नेलं हुतंस?"

आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. मी लुना काढली आणि शिरोलीला गेले.

अंजनाकाकी पायरीवर बसली होती. मला बघून ती आत गेली आणि एक डालड्याचा डबा घेऊन आली. माझ्यापुढं आपटला. काठोकाठ काळी वाळू.

"ह्यो बघा तुमचा साबण."

फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांना वापरतात ती वाळू. मुलाच्या कपड्यांतनं, केसांतनं रोज मूठभर धुऊन जात होती आणि ट्रॅपमध्ये बसून घट्ट होत होती. जाळी उचलून काकीनं स्वतः पळीनं खरवडून काढली होती. दोन तास लागले म्हणाली. त्यावर ॲसिडची घागर ओतली असती तरी एक कण हलला नसता. त्या बाटलीचं तिथं काही कामच नव्हतं. पळीचं होतं.

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. पावडरीनं काही झालं नसतं, वरनं ॲसिड पडलं म्हणून झालं. पोरगी सांगायला आली होती, मी तिला गप्प केलं.

काकीनं सगळं ऐकलं. "मग दवाखान्यात तोंडात काय धरलं हुतं तुमी?"

उत्तराची वाट न बघता तिनं दाराला कुलूप लावलं, पायात चपला घातल्या. "चला."

"कुठं?"

"कबनूरला. मला सांगून काय उपेग? बापाला टोपी काढायला लावली मी त्या दिवशी."

लुनावर मागं बसून ती वाटेत एकच वाक्य बोलली. "हळू हाना, मला अजून नातवंड बघायचं हाय."

कबनूरच्या त्या घरात खालच्या अंगाला माग, वर माणसं. आम्ही पोचलो तेव्हा सगळे माग चालू होते. ज्यांनी यंत्रमाग ऐकले नाहीत त्यांना सांगते, तिथं शेजारचा माणूसही ओठ बघून समजून घ्यावा लागतो. वाटेत मी हळू आवाजात बोलायची छान वाक्यं जुळवली होती. संगीताचे वडील पुढं आले. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी माझ्याकडनं..."

"आँ?"

"माझी चूक झाली."

"काय झाली?"

"चूक!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "चूक माझी! तुमच्या लेकीची न्हाय! ती सांगत हुती, मी ऐकलं न्हाय!" तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत मागावरच्या दोन्ही कामगारांनी वळून बघितलं होतं आणि वर जिन्यात संगीता येऊन उभी होती. चेहरा उतरलेला, पण स्वतःच्या पायांवर.

तिच्या वडिलांनी एक एक माग बंद केला. मग माझ्याकडं बघितलं, काकीकडं बघितलं आणि एक खुर्ची पुढं ओढली. कुणासाठी ते कळेना, त्यामुळं कुणीच बसलं नाही.

काकी म्हणाली, "संगीता, कापडं भर. चल घरी."

संगीता दोन पायऱ्या खाली आली. "येतो की, आत्ती. पण बोलावल्यावर न्हाय. मला यावं वाटंल तवा येतो."

काकीनं तोंड उघडलं. मग मिटलं. शेवटी म्हणाली, "बरं. पण पोराला घेऊन ये म्हंजे झालं."

मी निघायला वळले, तर संगीता म्हणाली, "आक्का, आलासाच हाय तर आमची मोरी बघा. दोन दिस झालं, पाणी जाईना."

मोरी मागांच्या खोलीच्या टोकाला होती, तिला एक फळ्यांचं दार. समोर तिचे वडील, दोन कामगार, आणि काकी. मी आत गेले, साडी खोचायला वाकले आणि सवयीनं दाराकडं हात नेला.

"उघडंच असू द्या," संगीता म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती चौकटीत उभी होती.

"त्या दिवशी बॅटरी पडली तरी दाराच्या फटीतनं उजेड येत हुता," ती हळू बोलली, फक्त मला ऐकू जाईल एवढं. "मी बघत हुतो की. आधी साडी सोडलीसा. मग कडी."

नऊ दिवसांत हे तिनं बापाला सांगितलं नव्हतं, सासूला नव्हतं. मी मालकांना सांगितलं नव्हतं. दोघींनाच माहीत होतं.

मी साडी खोचली. चांगली गुडघ्याच्या वर, तीन पुरुषांच्या देखत, आणि उकिडवी बसून जाळी उचलली. हात कोपरापर्यंत घातला. आत सुताच्या तंतूंचा बोळा होता, भिजून लोण्यासारखा मऊ झालेला. ओढला तर आख्खी वेणीच्या वेणी बाहेर आली. पाणी एकदा गुडगुडलं आणि गेलं.

पाणी गेलं तरी संगीता तिथनं हलली नाही. मी हात धुतले, साडी खाली सोडली, तोवर ती चौकटीला टेकून, दार उघडं धरून, बघत उभी होती.